वानगीला पैसे कसले?

युरोपच्या सहलीचे पैसे भरून झाले, की माणूस माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर येतो. तिथे बारीक अक्षरांत 'ऐच्छिक कार्यक्रम' असं लिहिलेलं असतं आणि तिसऱ्या ओळीला असते वाइन टेस्टिंगची संध्याकाळ. मग नवरा बायकोकडे बघतो, बायको माझ्याकडे बघते, आणि नवरा आपल्याला स्वतःला त्यातलं काहीच नको असल्यासारख्या आवाजात विचारतो, की मॅडम, हे पैसे देण्यासारखं आहे का हो? पनवेलला ट्रॅव्हलचं ऑफिस चालवून मला आता बरीच वर्षं झाली. बर्फात जाताना कुठले बूट घ्यावेत, तिकडे पोहे न्यावेत की नाही, याची उत्तरं मी झोपेतही देते. या एका प्रश्नाला मात्र अडखळते. कारण मला आमचे मालक आठवतात.

मालक म्हणजे माझ्या गाळ्याचे मालक. बेताची उंची, आखूड मान, पांढरा शर्ट आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी आपल्याला फसवायला निघालंय असा भाव. घराणं मिठागरवाल्यांचं. न्हावा शेव्याचे कंटेनर आज जिथे वळण घेतात तिथे यांच्या आजोबांचं आगर होतं. मीठ गेलं, जमीन गेली, पैसे आले, आणि त्या पैशातून मालकांनी पनवेलात तीन मजली इमारत बांधली. खाली पाच गाळे, पहिल्या मजल्यावर मालक आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, वर भाडेकरू. मिठागर गेलं तरी मिठाच्या व्यवहारातली एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. ती म्हणजे वानगी.

पूर्वी व्यापारी यायचा तो आधी ढिगातून चिमूटभर मीठ उचलून जिभेवर ठेवायचा, थुंकायचा, आणि मग बोलायला लागायचा. त्या चिमटीला वानगी म्हणतात. वानगीला पैसे नसतात आणि वानगीशिवाय सौदा नसतो. सगळे हा नियम मिठाला आणि तांदळाला लावत असतील. मालक तो सगळ्या जगाला लावत.

मी गाळा बघायला गेले तेव्हा त्यांनी भाडं सांगायच्या आधीच मला तीन दिवस येऊन बसायला सांगितलं. खुर्ची-टेबल आणा, पंखा लावा, धंदा करा, पैसे नकोत. मला वाटलं, देवमाणूस भेटला. तीन दिवस मी बसले. चौथ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, गाळा तुमचा. मग कळलं, की तिन्ही दिवस ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसून माझ्याकडे बघत होते. मी गिऱ्हाइकाला बसा म्हणते की नाही, उंबऱ्यातला केर कुठे ढकलते, फोनवर ओरडते का. मी गाळ्याची वानगी घेत होते आणि ते माझी.

मालक जेवणाचं टेबल घ्यायला गेले तेव्हा घरून डबा घेऊन गेले. दुकानातल्या टेबलावर काकींसकट बसून दोघं वरण-भात, बोंबलाची चटणी असं साग्रसंगीत जेवले आणि मग म्हणाले, नको, कोपर टेकत नाही. डॉक्टर बदलायचा होता तेव्हा नव्या डॉक्टरकडे जाऊन 'आधी दुसऱ्या कुणालातरी तपासा, मी बघतो' म्हणाले. स्मशानात नवी शेड झाली तेव्हा तिथल्या चौथऱ्यावर जाऊन आडवे झाले. वारा चांगला लागतो, असं त्यांनी खाली येऊन मला सांगितलं.  मी त्यांना चहा दिला.

त्यांची दुसरी गोष्ट मी गाळ्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहिली. करारावर सही घ्यायला वर गेले होते. काकींनी मला बसवलं. तेवढ्यात मालक बाहेरून आले, चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले. काकी हात पुसत दाराशी गेल्या. मालकांनी दातांच्या डॉक्टरकडे करावा तसा मोठा आ केला आणि काकींच्या तोंडावर 'हाऽ' करून श्वास सोडला. काकींनी वास घेतला, 'कांदा' म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मालक आत आले, माझ्यासमोर बसले, सही केली. दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर काही विशेष घडल्याचं चिन्ह नव्हतं.

शेजारच्या गाळ्यातल्या शिंप्याने मला नंतर सगळं सांगितलं. जमिनीचे पैसे आले तेव्हा मालक प्यायला लागले होते. साधं नव्हे, आठ-आठ दिवस. आणि पिऊन आल्यावर खोटं बोलायचे. समोर झोकांड्या खात असत आणि मुलांची शपथ घेऊन सांगत, की मी चहाच प्यालो. काकी दोनदा मोऱ्याला, बंदरावरच्या माहेरी, निघून गेल्या आणि दोनदा परत आल्या. तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा मालकांनी स्वयंपाकघरातून मूठभर मीठ घेतलं आणि जिन्यात आडवे उभे राहिले. मीठ हातात धरून त्यांच्यात कुणी खोटं बोलत नाही. दारूचा थेंब पोटात जाणार नाही, असं ते म्हणाले. काकी म्हणाल्या, ठीक आहे, पण शपथ तुमची आणि वास माझा. थेंब गेला तर मी जाईन आणि या खेपेला येणार नाही.

ज्या सहलीचं मी सांगणार आहे तिच्यापर्यंत त्याला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं हा माणूस दूध आणायला गेला तरी येताना उंबऱ्यात उभा राहून 'हाऽ' करत होता. लग्नाच्या मांडवात, पाहुण्यांसमोर, जावयासमोर. त्यांच्यात हळदीला दारू नसेल तर ती हळद कसली, पण मालक हातात कोकम सरबताचा पेला घेऊन एका खांबाला टेकून उभे असायचे आणि काकी बायकांत बसल्या तरी अशा बसायच्या, की तो खांब दिसला पाहिजे. कोरोनात काकींचा वास गेला तेव्हा तर कहर झाला. काकी आतल्या खोलीत पडलेल्या, आणि मालकांना तपासणी झाल्याशिवाय जेवण जाईना. शेवटी त्यांनी बदली म्हणून शिंप्याला नेमलं. शिंपी दोन पायऱ्या खाली मास्क लावून उभा राहायचा, मालक वरून 'हाऽ' करायचे, आणि शिंपी दाराकडे तोंड करून 'नाही हो काकी' असं ओरडायचा. मास्कातून त्याला काय डोंबल वास येणार होता? पण मालकांचं समाधान व्हायचं. सुदैवाने शिंप्याला काही झालं नाही.

मला या सगळ्याचं हसू यायचं. मग एकदा जिन्यातून वर जाताना मी मालकांना बंद दारासमोर बेल वाजवायच्या आधी केस नीट करताना पाहिलं. तोंडातला पानाचा तुकडा त्यांनी रुमालात घेतला आणि मग बेल वाजवली. साठी उलटलेला माणूस. त्या दिवसापासून मी हसायची बंद झाले असं म्हणणार नाही, पण हसू आधीसारखं मोकळं येत नव्हतं.

युरोपला जायचं काकींच्या मनात होतं. पनवेलातून मी बावीस जणांचा गट नेत होते. मालकांनी अर्थात वानगी मागितली. परदेशाची वानगी मी कुठून देणार? मग त्यांनीच तोडगा काढला. विमानात नऊ तास बसायचं ना, तर आधी इथे बसून बघू. एका मंगळवारी सकाळी दहा वाजता मालक आणि काकी माझ्या ऑफिसात आले. गुडघे कपाटाला टेकतील अशा बेताने त्यांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या, कमरेला काकींच्या ओढण्या बांधल्या आणि बसले. दुपारी मी त्यांना ट्रेमध्ये जेवण दिलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, आणि मी सांगायचे, की हे विमानात आहेत. लघवीला जायचं झालं तेव्हा मालकांनी काकींना उठवलं, वाकून, खुर्च्यांच्या फटीतून अंग चोरत गेले आणि तसेच परत आले. संध्याकाळी सात वाजता ओढणी सोडून म्हणाले, जमेल. काकी दुपारी दोनपासून झोपलेल्या होत्या.

वाइन टेस्टिंगचं मात्र त्यांना मुळीच पटलं नाही. कार्यक्रमात काय आहे ते मी वाचून दाखवलं. इटलीतल्या एका खेड्यात द्राक्षाचा मळा, तळघर, सहा प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या चाखायला मिळणार, माणशी इतके युरो.

"थोडी थोडी म्हंजे वानगीच ना?" मालक म्हणाले. "वानगीला पैसे कसले, ताई? उद्या टोमॅटोवाला बोलेल, दाबून बघायचे दहा रुपये."

मी म्हटलं, काका, तुम्हाला तसंही चालत नाही, सोडून द्या. त्या वेळेला बाकीचे हॉटेलवर थांबतात. पण बोलता बोलता माझ्याच तोंडून निघून गेलं, की तिथे खरे जाणकार वाइन पीत नाहीत. तोंडात घेतात, फिरवतात आणि भांड्यात थुंकून टाकतात.

 थुंकतात म्हणजे सगळी थुंकतात का, असं मालकांनी दोनदा विचारलं. मग गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन दोघांचे पैसे भरले.

मी चकित झाले. आयुष्यात वानगीला दमडी न दिलेला माणूस परदेशात जाऊन थुंकण्याचे पैसे देत होता. चव आठवत असेल, मोह पडला असेल, असं वाटून मी त्यांना जरा टोचून बोललेही. तेव्हा ते बाकावर बसले आणि त्यांनी मला सरळच सांगितलं.

"चव गेली खड्ड्यात. चौदा वर्सं मी हा करतोय आन् ती वास घेतेय. वास नाय आला तर मी खरा. म्हंजे खरं माजं नाक ठरवतंय, मी नाय. तिकडं थुकलो तरी तोंडाला वास येनारच. ती इचारील, मी सांगेन, पोटात नाय गेला. एकदा तरी वास आला आन् तरी तिनं मना खरं मानलं, असं झालं पायजे. त्याचे पैसे देतोय मी."

नाक काकींचं होतं, त्यांचं नव्हे, पण मी ते दुरुस्त करायला गेले नाही. काकींना विचारलंत का, एवढंच म्हटलं. सांगितलंय, म्हणाले. काकी काय म्हणाल्या? बघू म्हणाल्या. आणि थेंब पोटात गेला तर तिकडूनच मोऱ्याला जाईन, असंही म्हणाल्या. इटलीतून मोऱ्याला थेट काही जात नाही, हे मी बोलले नाही.

ती संध्याकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. उन्हाळ्याचे दिवस, पाच वाजले तरी ऊन डोक्यावर. तळघरात मात्र गार. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना मिळून आम्ही तेवीस, टोकाला मळ्याची मालकीण. उंच, पांढऱ्या केसांची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली बाई. मी तिच्या इंग्रजीचं मराठी करत होते. काकी मालकांच्या बरोबर समोर बसल्या होत्या, ती जागा त्यांनी स्वतः मागून घेतली होती.

पहिला ग्लास आला. बाईने तो कसा धरायचा, कसा फिरवायचा ते दाखवलं. मालकांनी ग्लास उचलला आणि हळदीत करतात त्याप्रमाणे त्यात बोट बुडवून वाडवडलांच्या नावाने तीन थेंब जमिनीवर शिंपडले. ते पाहून बाकीच्या एकवीस जणांना एकदम आपलं चुकल्यासारखं झालं. सगळ्यांनी बोटं बुडवली आणि शिंपडली. बाईचे बूट भिजले. मी घाईघाईने सांगितलं, की हे आमच्याकडे पूर्वजांना देतात. बाई क्षणभर थांबली, मग तिनेही बोट बुडवलं आणि तिच्या कुणा आजोबाचं नाव घेतलं. तिथून पुढे ती माझ्याकडे न बघता मालकांकडेच बघून बोलायला लागली.

मग तिने पितळेचं भांडं पुढे केलं आणि थुंकायचं कसं ते सांगितलं. आमच्या मंडळींनी साफ नकार दिला. पैसे भरलेत ते थुंकायला काय? एकवीस जणांनी मुकाट्याने गिळली, काकींनीसुद्धा. त्यांनी कसली शपथ घेतली नव्हती. थुंकणारे एकटे मालक. पण काय थुंकले! डोळे मिटून तोंडात फिरवलं, गालात धरलं, आणि एक थेंब इकडेतिकडे न जाता भांड्याच्या मध्यावर. पिढ्यान् पिढ्या मिठाचं पाणी जिभेवर घेऊन थुंकलेलं घराणं ते. बाईने हातातली वही उघडली आणि त्यांना विचारलं, कसं वाटलं?

याला माती लागलीय, मालक म्हणाले. मी भाषांतर केलं. बाईने मान डोलावली, म्हणाली अगदी बरोबर. दुसऱ्याला ते म्हणाले, भिजलेलं गोणपाट. मी घाबरत घाबरत सांगितलं, तर बाईने ते लिहून घेतलं. तिसऱ्याला जांभळाची साल. बाईने आतून कुणालातरी बोलावलं आणि यांच्याकडे बोट दाखवलं. आमच्या गटात एव्हाना सगळे खुशीत आले होते, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकी हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला मनापासून वाटलं, की जमलं. हा माणूस आता सहा ग्लास थुंकून वासासकट हिच्यासमोर उभा राहणार आणि ही त्याला खरं मानणार.

आणि मग मी घोळ घातला. सहलीभर मालकांनी मला एक सवय लावली होती. कुठलीही वस्तू दिसली की ते नुसती भुवई उंचावत, आणि मी तिची किंमत रुपयांत सांगत असे. चौथी वाइन जुनी होती, बाई तिच्याबद्दल फार हळू आवाजात बोलत होती. मालकांनी ती तोंडात घेतली, फिरवली, गालात धरली आणि माझ्याकडे बघून भुवई उंचावली. माझं डोकं कुठे होतं कोण जाणे. मी हिशेब करून सांगून टाकलं.

"काका, बाटली अठ्ठावीस हजाराला."

मालकांच्या घशातून गुटुक असा आवाज आला.

मग त्यांनी उरलेली थुंकली. पण मी बघितलं होतं आणि मी बघितलंय हे त्यांनी बघितलं होतं. चेहरा पांढरा पडला. बाईने विचारलं, कशी होती? मालक भांड्यातच बघत राहिले. बाईला वाटलं, भारावले. पाचवी आणि सहावी त्यांनी इतक्या जोरात थुंकली, की भांडं वाजलं. मी काकींकडे पाहिलं. त्या शेजारणीला ग्लासाचा पाय किती नाजूक आहे ते दाखवत होत्या. म्हटलं, नशीब.

बसमध्ये मालक तोंड घट्ट मिटून बसले. हॉटेलवर पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि बाहेर अजून चांगला उजेड होता. मी सगळ्यांना सकाळच्या वेळा सांगत मजल्यावरून फिरत होते. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. काकी आत गेल्या होत्या आणि मालक उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. त्यांनी आ केला. 'हाऽ' केलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. काकी वळल्या, त्यांच्याकडे पाहिलं, जवळ आल्या नाहीत.

"सातला बस हाय. आत या," म्हणाल्या आणि पलंगावरच्या उशा सारख्या करायला लागल्या.

मालक तसेच उभे राहिले, आ मिटायचं विसरून. ज्याचे पैसे भरले होते ते त्यांना मिळालं होतं. फक्त चौदा वर्षांतल्या नेमक्या चुकीच्या दिवशी मिळालं होतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी उरलेल्या चार खोल्यांना वेळ सांगायची विसरले आणि सकाळी बस त्या चार खोल्यांसाठी तिष्ठत राहिली.

पनवेलला परतल्यावर आठ दिवस मालक खाली आले नाहीत. एरवी अकराच्या ठोक्याला येऊन माझ्याकडचं वर्तमानपत्र वाचणारा माणूस. मला वाटलं, थकले असतील. नवव्या दिवशी आले ते सरळ बाकावर बसले. दाढी वाढलेली. काहीतरी हलकं बोलावं म्हणून मी म्हटलं, काका, विमानतळावर काकींनी माझ्यासाठी चॉकलेटं घेतली होती, ती तुम्हीच संपवलीत वाटतं. ते म्हणाले, ती तिच्या बॅगेत हायत, आणि बॅग तिनं अजून उघडलेली नाय. आल्यापासून भिंतीला टेकून उभी हाय.

मग त्यांनी विचारलं, "ताई, खरं सांगा. गेला ना पोटात?"

मी म्हटलं, गेला. आणि चूक माझी होती, असंही म्हटलं. घोटभरच असेल, तोही नकळत, किंमत ऐकून कुणाचाही गेला असता.

"घोट नाय," ते म्हणाले. "अर्धा. अर्धा थुकला मी."

त्यांचं म्हणणं असं, की त्या दिवसापासून काकी वास घेतच नाहीत. ते दारात येऊन उभे राहतात, आ करतात, आणि काकी चपला नीट लावा म्हणून आत निघून जातात. चौदा वर्षं ज्या गोष्टीची लाज वाटली ती बंद झाली, आणि आता घास उतरत नाही. सांगावं तर ती जाणार. न सांगावं तर मीठ हातात घेऊन खोटं बोलल्यासारखं.

मी त्यांना अगदी स्वच्छ सल्ला दिला. सांगू नका. तुमचा संसार मोठा की तो अर्धा घोट? कुणी पाहिलेलं नाही, मी बोलणार नाही, त्या इटलीच्या बाईला पनवेल कुठे आहे तेही ठाऊक नाही. मी पोटतिडकीने बोलत होते. खरं तर मला स्वतःला सुटायचं होतं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाले, उठले आणि जिना चढून वर गेले. ते सांगायला चाललेत हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

त्या दिवशी मी काही काम केलं नाही. वरच्या मजल्यावरून भांडण ऐकू येतं का, बॅगेची चाकं जिन्यावर वाजतात का, याच्याकडे कान. शिंपीही मशीन बंद करून बसला होता, त्याला कारण माहीत नव्हतं तरी. वरून काहीच आवाज आला नाही. संध्याकाळी मी गाळा बंद करून घरी गेले, जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी स्वतः खाली आल्या. हातात चॉकलेटांची पिशवी. पनवेलच्या उकाड्यात दहा दिवस बॅगेत राहून त्यांचा एकच गोळा झाला होता. फ्रीजमध्ये ठेवा, सुटतील, म्हणाल्या आणि मालकांच्या बाकावर बसल्या. मला विचारल्याशिवाय राहवेना. काकांनी काही सांगितलं का, म्हटलं.

"सांगितलं. अर्धा घोट म्हनले." काकींनी पदराने कपाळ पुसलं. "मना म्हाईत होतं. मी समोर कनाला बसले होते? बाटलीवरचं वाचायला? मी त्यांच्या नरड्याकडं बघत होते."

मग त्याच दिवशी का नाही विचारलंत, मी म्हटलं.

"इचारल्यावर कोनपन सांगतो. न इचारता सांगतात का ते बघायचं होतं. म्हनून बॅग उघडली नाय. म्हटलं, दहा दिवस बघू, नाय बोलले तर तीच बॅग उचलायची."

  बाहेर टपरीवर मालक उभे होते, दाढी केलेली, इकडे बघायचं टाळत. काकींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या टेबलावरची धूळ उगाचच बोटाने पुसली.

"तुमच्याकडं लोक येतात जातात, ताई," त्या म्हणाल्या. "मोऱ्याला भावानं माज्यासाठी एक खोली ठेवलीय, चौदा वर्सं रिकामीच हाय. आज सकाळी मीच फोन केला त्याला, मी बोलले, दे भाड्यानं. कोन बघत असला तर सांगा. खोली चांगली हाय, खिडकीतून लाँच दिसते."